हुन्नर आणि विटाळ

माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, म्हणजे २०१२ साली, सातपूरच्या ज्या कारखान्यात माझी हयात गेली तिथे आम्हा सुपरवायझर मंडळींसाठी तीन दिवसांचे एक शिबिर झाले. विषय होता 'कोचिंग'. हाताखालच्या माणसाला काम कसे शिकवावे, त्याला कसे वाढवावे, हे सांगायला पुण्याहून एक तरुण गृहस्थ आले होते. माणूस गोड बोलणारा, अभ्यासू. त्यांनी फळ्यावर मुद्दे लिहिले. हुकूम सोडू नका, प्रश्न विचारा. समोरचा बोलत असेल तर पुरते ऐका. काय साधायचे ते त्याच्या तोंडून येऊ द्या. चूक दाखवायची ती कामाची, माणसाची नव्हे. एकदा काम सोपवले की पाठीमागे उभे राहून मान ताणू नका. हे विचार टेनिस शिकवणाऱ्या गॅल्वे नावाच्या अमेरिकनाच्या १९७४ सालच्या पुस्तकातून निघाले, आणि व्हिटमोर या इंग्रजाने १९९२ साली ते कारखाने-कचेऱ्यांसाठी मांडले, असेही त्यांनी सांगितले.

यातल्या एकाही मुद्द्याशी माझे भांडण नाही. चाळीस वर्षे यंत्रापाशी काढलेला कोणीही कामगार सांगेल की हे खरे आहे. पण तीन दिवस मी एका मुद्द्याची वाट पाहत होतो आणि तो फळ्यावर आला नाही. हे सगळे नियम शिकवणारा आणि शिकणारा एका बाकाशी उभे राहिल्यानंतर सुरू होतात. त्या बाकाशी कोण उभा राहू शकतो, कोणाच्या हाताला हात लावून शिकवले जाते आणि कोणाला लांबूनच 'बघून शिक' म्हटले जाते, हा प्रश्न या शास्त्राला पडलेला नाही. त्याच्या जन्मभूमीत तो कदाचित वेगळ्या रूपात असेल. आपल्याकडे त्याला साधे नाव आहे: विटाळ.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या प्रशिक्षकांनी एक गमतीची माहिती सांगितली. 'कोच' हा शब्द मुळात गाडीचा. हंगेरीत कोच नावाचे गाव आहे, तिथे चांगल्या घोडागाड्या बनत, म्हणून गाडीलाच कोच म्हणू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणी-मास्तराला थट्टेने 'कोच' म्हटले. जो गाडीत बसवून मुक्कामाला पोचवतो तो कोच. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला चाळीसगावचा टांगा आठवला.

चाळीसगाव आमच्या मनमाडपासून रेल्वेने फार दूर नाही. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी बाबासाहेब तिथे उतरले. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने जी समिती नेमली होती तिचे ते सभासद होते. एका गावी सवर्णांनी घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते परतत होते, आणि चाळीसगावच्या महारवाड्यातील लोकांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला म्हणून थांबले. स्टेशनवर त्यांना बराच वेळ ताटकळावे लागले. अखेर टांगा आला. टांगा निघाला आणि थोड्याच अंतरावर मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीपाशी वळण आले. चाक दगडांच्या फटीत अडकले, बाबासाहेब उडून दगडांवर पडले, घोडा टांग्यासकट पाण्यात गेला. पायाचे हाड मोडले. नंतर त्यांना कारण कळले. गावातील एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. त्यात त्याला कमीपणा वाटत होता. टांगा भाड्याने देतो, हाकणारा तुमचा तुम्ही आणा, अशी तडजोड झाली. महारवाड्यातील लोकांना वाटले, बॅरिस्टर पाहुणा पायी चालत आणणे शोभत नाही. त्यांनी आपल्यातलाच एक माणूस लगाम धरायला बसवला. त्याने जन्मात टांगा हाकलेला नव्हता.

बाबासाहेबांनी या प्रसंगावर स्वतः लिहिले आहे, आणि त्याचा बोध म्हणून आपण बहुधा एवढेच सांगतो की हलक्यातला हलका टांगेवालाही स्वतःला अस्पृश्य बॅरिस्टरापेक्षा उच्च समजतो. तो बोध बरोबरच आहे. पण माझे लक्ष त्या लगाम धरणाऱ्या अनाम माणसावर जाते. तो भित्रा नव्हता, आळशी नव्हता. पाहुण्याचा मान राखायला पुढे आलेला माणूस होता. त्याला टांगा हाकणे कोण शिकवणार होते? टांगेवाल्याचा पोर बापाच्या शेजारी बसून, त्याच्या हातातल्या लगामावर आपला हात ठेवून शिकतो. घोडा कधी बिचकतो, वळणावर लगाम किती सैल सोडायचा, हे असे शेजारी बसल्यानेच येते. त्या माणसाला अशा शेजारी कधी बसायला मिळाले नव्हते. कौशल्य नसल्याचा अपघात झाला असे आपण म्हणू, पण ते कौशल्य त्याच्यापासून पिढ्यान्‌पिढ्या हातभर लांब ठेवले गेले होते.

हुन्नर म्हणजे पुस्तकी ज्ञान नव्हे. ते हातातून हातात जाते. गावगाड्यात सुताराचा मुलगा सुताराकडे, लोहाराचा लोहाराकडे शिकला. चांभाराकडे कातड्याचे आणि मांगाकडे दोराचे हुन्नर राहिले, पण तेही जातीच्या भिंतीआड. महाराच्या वाट्याला वतनाचे काम आले: सांगावे धाडणे, सीमा दाखवणे, मेलेली गुरे ओढणे. त्यात राबणे होते, विकता येईल असे हुन्नर नव्हते. याला एक मोठा अपवाद होता तो पलटणीचा. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. रामजी सुभेदार तिथेच शिकले आणि तिथेच मास्तर झाले. काम आणि शिकवणे एका छपराखाली आले की काय घडते याचा पुरावा म्हणून मी नेहमी त्या लष्करी शाळेकडे बोट दाखवतो. पुढे महारांची भरती बंद झाली आणि ते दारही मिटले. दुसरा, उलट्या दिशेचा अपवाद म्हणजे पुण्याचे लहुजी वस्ताद. मांगाच्या आखाड्यात जोतीराव दांडपट्टा शिकले. आपला माणूस शिकवायला उभा राहिला तेव्हा त्याने शिकणाऱ्याची जात विचारली नाही.

मग गिरण्या आल्या, रेल्वे आली. आपल्यातल्या पुष्कळांना वाटले, यंत्राला जात नसते. यंत्राला नसतेच. पण यंत्रावर काम शिकवायला मुंबईच्या गिरण्यांत शाळा नव्हती. नवा माणूस आपल्या गाववाल्याच्या, भावकीच्या शेजारी उभा राही, त्याची चालढकल पाही, मधूनच हात घाली आणि काही महिन्यांनी जॉबरच्या मेहरबानीने बदली म्हणून लागे. म्हणजे शिकवण्याची सगळी यंत्रणा नात्यागोत्यावर उभी होती. त्यातून विणखाते महारांना बंद राहिले. कारण सर्वांना ठाऊक आहे, तरी तरुण वाचकांसाठी सांगतो. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून ओठांनी शोषून बाहेर ओढावे लागे. एका धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून स्पृश्य विणकर म्हणाले, महार नको. विणखात्याची मजुरी इतर बहुतेक खात्यांपेक्षा बरी होती हे इथे विसरू नये. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, आणि कामगारांच्या मागण्यांत तो घालायला त्यांना भाग पाडले. क्रांतीची भाषा बोलणाऱ्यांनी तो आनंदाने घातला असे मात्र इतिहास सांगत नाही.

या लढ्याचा नाशिक जिल्ह्यातील अध्याय १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ चा. मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. माझे वडील तेव्हा वीस-बावीस वर्षांचे, लाइनीवर गँगमन. ते त्या मांडवात होते. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे या परिषदेतले विधान आपण सभांतून नेहमी ऐकवतो. त्याच भाषणाचा दुसरा भाग मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवतो, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. तिथे बाबासाहेबांनी रेल्वेतल्या कामाची पायरीन्‌पायरी तपासली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि वर चढण्याची आशा न धरता गँगमन म्हणूनच राबतो. साधी पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करावे अशी अपेक्षा असते आणि अस्पृश्य घरात चालत नाही. कारकुनाच्या जागी इतर जातींतले मॅट्रिक न झालेले घेतले जातात, आणि आपला मॅट्रिक झालेला बाहेर राहतो. वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक क्वचित होतो, फोरमन तर नाहीच. तो हमाल म्हणून आत जातो आणि हमालच राहतो.

या भाषणाकडे कामगार-शिक्षणाच्या अंगाने पाहा. आजचे तज्ज्ञ म्हणतात, माणसाच्या अंगची शक्यता ओळखा आणि त्याला पुढच्या पायरीसाठी तयार करा. बाबासाहेब म्हणत होते, आधी जिना दाखवा. त्याची कुठली पायरी कोणी काढून नेली आहे ते सांगा. वडिलांना त्या भाषणातले मोठे शब्द आठवत नसत. त्यांना पोर्टरची गोष्ट तेवढी आठवे. ती सांगताना ते म्हणत, "आपल्याला वाटायचं आपल्यात काही कमी हाय. त्या दिवशी कळलं, दार बाहेरून लावलंय." वडिलांचे स्वतःचे हुन्नर लहान नव्हते. रुळावर हातोडा मारून नुसत्या आवाजावरून ते सैल फिशप्लेट ओळखत. स्लीपरखालची खडी कुठे बसली आहे ते त्यांच्या पायाला कळे. पण त्या ज्ञानाला 'ज्ञान' म्हणणारे त्यांना कोणी भेटले नाही, आणि मीही ते लहानपणी म्हटले नाही.

पदवी असली म्हणजे हा प्रश्न सुटतो असेही नाही. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी करायला गेले. त्या संस्थानाला मोठ्या जागेसाठी माणूस तयार करायचा होता. महाराजांची इच्छा चांगली होती, कायदा अनुकूल होता, उमेदवार त्या कचेरीतल्या सर्वांपेक्षा विद्वान होता. पण शिपाई कागद लांबून टेबलावर फेकीत. काम शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात कागदसुद्धा हातोहात जाऊ शकत नव्हता. राहायला जागा मिळेना म्हणून ते थोड्याच दिवसांत परतले हे खरे. पण ती मिळाली असती तरी त्या कचेरीत ते काय शिकले असते, हा विचार मनात येतोच.

आता माझे सांगतो. १९६१ चा अप्रेंटिस कायदा १९७३ मध्ये सुधारला आणि उमेदवारीच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या. त्याच्या आधी तेवीस वर्षे सरकारची तंत्रशाळा-योजना सुरू झाली होती, पण कारखान्याचा दरवाजा आमच्यासाठी खऱ्या अर्थाने या दुरुस्तीने उघडला. नाशिक तोवर कारखान्यांचे गाव झाले होते. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून, नोटांचा छापखाना १९२८ पासून, ओझरला विमानांचा कारखाना १९६४ पासून. सातपूरला नव्या शेडी उभ्या राहत होत्या. १९७५ साली मी त्यातल्याच एका शेडीत फिटरची उमेदवारी करायला गेलो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तो इतरांपेक्षा वाईट नव्हता.

प्रशिक्षण विभागाच्या भिंतीवर एक तक्ता होता. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत घाईने लाखो नवे कामगार तयार करावे लागले. त्यासाठी १९४० साली 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची पद्धत निघाली. तिच्या चार पायऱ्या त्या तक्त्यावर होत्या: शिकणाऱ्याला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर लक्ष ठेवा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही. हे वाक्य मला आजही फार आवडते. त्या वाक्याखाली उभे राहून आमचे उस्ताद शिकवीत.

फिटरचे पहिले काम कानस मारण्याचे. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा आणि तो सपाट करायचा. ऐकायला सोपे वाटते. पण नवशिक्याचा तुकडा कधीच सपाट होत नाही. मधोमध कुबड राहते, कारण कानस झोक्यासारखी वरखाली होते. युक्ती अशी की सुरुवातीला टोकावरच्या डाव्या हाताचा दाब जास्त, कानस मध्यावर आली की दोन्ही हातांचा सारखा, आणि शेवटी मुठीवरच्या उजव्याचा जास्त. हे मी आता तीन ओळींत लिहिले. तीन ओळींनी ते कोणालाही आलेले नाही. उस्ताद मुलाच्या मागे उभा राहतो, त्याच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवतो आणि दहा-वीस वेळा कानस त्याच्याकडून मारून घेतो. मग हाताला कळते, आणि डोक्याला त्यानंतर.

आमच्या तुकडीत बारा मुले होती. दहांच्या हातांवर उस्तादांचे हात पडले. मी आणि मातंग समाजातला एक मुलगा, आम्हा दोघांना त्यांनी नीट, शांतपणे, दोन हातांवरून समजावून सांगितले. "बघ, असं. जमेल तुला. बघून शिक." ते कधी ओरडले नाहीत. शिवी नाही, टोमणा नाही. आम्हाला तर बरेच दिवस कळलेच नाही की काही वेगळे घडते आहे. आमच्या तुकड्यांवरचे कुबड मात्र जाईना. सरफेस प्लेटवर निळा रंग लावून तुकडा घासला की उंच भागाला निळे लागते. माझ्या तुकड्याला महिनाभर मधोमधच निळे लागले. तिमाही शेऱ्यात माझ्या नावापुढे 'हात जड' असे पडले. राखीव जागेवर आलेल्यांचे हात जडच असतात, असे कोणीतरी मागे म्हणाल्याचे मी ऐकले. ते पुढे कित्येक वर्षे कित्येकांकडून ऐकले. गुणवत्तेवरची सगळी चर्चा मला त्या तुकड्यावरच्या निळ्या डागासारखी दिसते. डाग खराच असतो. तो कुठून आला हे विचारायचे नसते, एवढाच त्या चर्चेचा नियम.

माझा हात सरळ केला तो मालेगावच्या एका मुसलमान मिस्त्रीने. ते देखभाल विभागात होते, शिकवणे त्यांचे कामही नव्हते. जेवणाच्या सुट्टीत मी एकटा कानस मारीत होतो. ते जाता जाता थांबले, काही न विचारता मागे आले आणि माझ्या हातांवर त्यांचे तेलकट हात ठेवले. "दबा मत. चलने दे उसको." पाच-सहा दिवस, रोज दहा मिनिटे. मग मी त्या मातंग मुलाच्या हातांवर हात ठेवले. आम्ही दोघे पास झालो. आज कोणी मला शिकवण्याचे पहिले तत्त्व विचारले तर मी 'प्रश्न विचारा' असे म्हणणार नाही. चाचांनी मला काहीच विचारले नव्हते.

तरीही शिकवण्याची उरलेली तत्त्वे मला कारखान्यात नव्हे, नाशिकच्या चळवळीत सापडली. आमच्याकडे दादासाहेब गायकवाडांची आठवण जयंतीपुरती उरली आहे. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा, १९०२ साली जन्मलेला हा माणूस बाबासाहेबांच्या हाताखाली कसा तयार झाला, याचा अभ्यास कामगार-शिक्षणाच्या वर्गात व्हायला हवा. बाबासाहेबांची त्यांना आलेली पत्रे छापून प्रसिद्ध आहेत. ती नेता-अनुयायाची पत्रे म्हणून वाचली जातात. मी ती एका उस्तादाने उमेदवाराला लिहिलेली पत्रे म्हणून वाचली.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव सत्याग्रह समितीचे चिटणीस, वय अठ्ठावीसही पुरे नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले. विचार करा: मंदिराची दारे बंद, रामनवमीच्या रथावरून दगडफेक होऊन गेलेली, खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांवर गावोगाव बहिष्कार पडत असलेले, आणि मुख्य माणूस सात समुद्रांपलीकडे. आज एखाद्या पुढाऱ्याने अशा वेळी किल्ल्या कोणाच्या हाती दिल्या असत्या? बाबासाहेबांनी त्या तरुणाच्या हाती दिल्या, आणि तो सांभाळतो आहे म्हटल्यावर काढून घेतल्या नाहीत. माणसे गोळा करणे, पैशाचा हिशेब, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची विचारपूस, हे सगळे भाऊराव करता करता शिकले. सत्याग्रह कमीजास्त जोराने पुढे पाच वर्षे चालला, तो नाशिकच्या माणसांच्या बळावर.

यातले सर्वांत बोलके पत्र ३ मार्च १९३४ चे आहे. येत्या रामनवमीला सत्याग्रह पुन्हा करावा काय, असे भाऊरावांनी विचारले होते. उत्तर स्पष्ट होते: करू नये; नुसता पुढे ढकलू नये, कायमचा थांबवावा. एवढे एका ओळीत लिहून चालले असते. भाऊराव आज्ञाधारक होते, त्यांनी ऐकले असते. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. ज्याने ही चळवळ सुरू केली त्यानेच हे सांगावे याचे नवल वाटेल, हे त्यांनी आधी कबूल केले. मग कारणे दिली. देवळात जाऊन लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हता. निजलेल्या समाजाला हलवून जागे करायला, त्याला आपल्या स्थितीची जाणीव द्यायला तो उत्तम मार्ग होता. ते काम झाले. आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवायची. ज्या माणसाने चार वर्षे त्या दारापुढे रक्त आटवले त्याला 'थांब' म्हणताना, का थांबायचे आणि तू केलेले वाया का गेले नाही, हे दोन्ही त्याला सांगितले गेले. मी तीस वर्षांत सुपरवायझरांनी बदललेले शेकडो हुकूम पाहिले. कारण सांगून बदललेले हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आणि शिकवणे लागू पडले की नाही याची परीक्षा उस्ताद गेल्यावर होते. दादासाहेब १९३७ साली मुंबई विधिमंडळात गेले, १९५७ साली लोकसभेत. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. जमिनीचा प्रश्न बाबासाहेबांचाच होता, पण एवढ्या विस्ताराचा लढा त्यावर उमेदवाराने उभारला. त्याने उस्तादाची नक्कल केली नाही. दादासाहेबांच्या राजकारणावर टीका करणारे आपल्यात पुष्कळ आहेत, काँग्रेसशी केलेल्या समझोत्यावर मलाही आक्षेप आहे. तो वेगळा लेख होईल.

इथे आपल्या संघटनांविषयी बोललो नाही तर हा इतिहास लिहिण्यात अर्थ नाही. १९७८ पासून मी कारखान्यातल्या आणि वस्तीतल्या अशा तीन संघटनांत काम केले. तिन्हींत एक गोष्ट सारखी होती. सतरंज्या उचलणारी पोरे दहा वर्षे सतरंज्याच उचलत होती. अर्ज कसा लिहायचा, लेबर ऑफिसात कोणाला भेटायचे, हिशेबाची वही कशी ठेवायची, हे एकदोघांनाच येई आणि ते एकदोघे ते कोणाला येऊ देत नसत. मनमाडच्या परिषदेत जी तक्रार रेल्वेविरुद्ध होती तीच आपल्या कार्यालयात लागू पडत होती: हमाल म्हणून आत आला तो हमालच राहिला. विटाळ इथे नव्हता. असुरक्षितता होती, आणि शिकवले की आपली गरज संपेल ही भीती होती. फुटींची कारणमीमांसा आपण तत्त्वांच्या भाषेत करतो; मला वाटते त्यातल्या निम्म्या फुटी कोणालाच काम न शिकवल्याच्या आहेत.

हे मी इतरांवर बोट ठेवून लिहीत आहे असे वाटायला नको, म्हणून शेवटची गोष्ट सांगतो. त्या शिबिराच्या पुढच्याच वर्षी, २०१३ च्या उन्हाळ्यात, सुरगाण्याकडचा एक कोकणा आदिवासी मुलगा माझ्या हाताखाली उमेदवार म्हणून आला. अंगाने किरकोळ, बोलणे कमी. मराठी समजे, पण आमची कारखान्याची घाईची मराठी त्याला झेपत नसे. माझ्याकडे तेव्हा दोन शिफ्टचे काम होते आणि गुडघा दुखत होता. मी त्याला कानस दाखवली, तीन ओळींत सांगितले आणि पुढच्या बाकाकडे वळलो. दोनतीनदा तो तुकडा घेऊन आला. मी निळा लावून दाखवला, कुबड दाखवले आणि म्हणालो, "बघून शिक." चारचौघांत, हसत, सहज. म्हटल्यावर काही क्षणांनी मला ते शब्द कानात ऐकू आले. कोणाच्या आवाजात आले ते वाचकांना सांगायला नको.

उद्या त्याच्याजवळ उभे राहायचे असे मी ठरवले. उद्या दुसरेच काम निघाले. परवा सोमवार होता आणि मोठे साहेब येणार होते. जुलै लागला, पाऊस लागला, तो भाताच्या लावणीला म्हणून आठ दिवसांची रजा मागून गावी गेला. मी सही केली. तो परत आला नाही. लावणीमुळे आला नाही, घरच्या अडचणीमुळे, की माझ्यामुळे, हे मी कधी विचारायला गेलो नाही. सुरगाणा काही लांब नव्हते.

त्याचा तुकडा बाकाच्या खणात राहिला होता. निवृत्त होताना मी माझी हत्यारे जमा केली आणि तो तेवढा पिशवीत टाकून घरी आणला. चारही कडा त्याने सुरेख काटकोनात आणल्या होत्या. मधोमध कुबड आहे, आणि त्यावर निळे अजून लागलेले आहे.